युद्धात जखमी होऊन घरी आलेल्या जवानाची पेन्शन: कागद, मेडिकल बोर्ड, अपील आणि राज्याकडून मिळणारी मदत

सैन्यातून बोर्डआउट होऊन, म्हणजे वैद्यकीय कारणाने मुदतीआधी नोकरी संपून, घरी आलेल्या जवानाला पहिले काही महिने दवाखाना आणि घर एवढंच सुचतं. पेन्शनची कागदपत्रं ट्रंकेत पडून राहतात. घरच्यांना वाटतं, सरकारला सगळं माहीत आहे, सरकार देईलच. सरकार देतंही, पण कागदावर जेवढं लिहिलेलं असतं तेवढंच देतं. म्हणून हा लेख जवानासाठी आहे तितकाच त्याच्या पत्नीसाठी, भावासाठी आणि मुलांसाठीही आहे, कारण बहुतेक घरांत धावपळ त्यांनाच करावी लागते.

एक गोष्ट आधीच ठासून सांगतो. सगळे जण टक्क्यांकडे बघतात: तीस टक्के मिळाले की साठ, यावर चर्चा होते. टक्के महत्त्वाचे आहेतच, पण जखमेचं कारण म्हणून कागदावर जो शेरा पडतो त्याचं वजन टक्क्यांपेक्षा जास्त असतं. कसं, ते पुढच्या आकड्यांतून कळेल.

तुमची पेन्शन नेमकी कोणती

अपंगत्वाच्या पेन्शनचे दोन भाग असतात. पहिला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीबद्दलची पेन्शन. दुसरा अपंगत्वाचा भाग, ज्याला डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणतात. जखम युद्धातली किंवा युद्धसदृश कारवाईतली असेल तर या दुसऱ्या भागाला वॉर इंजुरी एलिमेंट म्हणतात आणि त्याचा दर बराच जास्त असतो.

संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने कारणांचे ए ते ई असे पाच गट केले. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं नैसर्गिक कारण. बी म्हणजे नोकरीमुळे झालेला किंवा नोकरीमुळे बळावलेला आजार. सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात. डी मध्ये दहशतवादी किंवा समाजकंटकांच्या हिंसाचारातल्या दुखापती येतात. ई हा वॉर इंजुरीचा गट. परकीय शत्रूशी युद्ध, सीमेवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट, परदेशातली शांतिसेना आणि सरकारने खास अधिसूचित केलेली मोहीम हे सगळं ई मध्ये बसतं. ऑपरेशनल भागाकडे जाताना वाटेत सुरुंग फुटला तर तोही.

आता हिशेब बघा. समजा, शेवटचा हिशेबी पगार, म्हणजे मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे धरून, ४०,००० रुपये आहे आणि मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, तीस टक्के अपंगत्व दिलं आहे. बोर्डआउट झालेल्या जवानाचे पन्नासपेक्षा कमी टक्के पन्नास धरतात. सर्व्हिस एलिमेंट पगाराच्या निम्मा, म्हणजे २०,०००. शंभर टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट पगाराच्या ३० टक्के असतो, म्हणजे १२,०००. पन्नास टक्क्यांना ६,०००. एकूण २६,०००. तीच जखम ई गटात धरली आणि त्याच कारणाने तुम्ही बोर्डआउट झालात, तर शंभर टक्क्यांचा वॉर इंजुरी एलिमेंट पूर्ण पगाराइतका असतो. पन्नास टक्क्यांना २०,०००, आणि एकूण ४०,०००. जखमी होऊनही नोकरीत राहून नंतर निवृत्त झालात तर शंभर टक्क्यांचा दर पगाराच्या ६० टक्के होतो. आपल्या उदाहरणात पन्नास टक्क्यांना १२,०००. या सगळ्यावर महागाई सवलत वेगळी.

टक्के तेच, पगार तोच, फक्त कारणाचा गट बदलला तर दरमहा १४,००० रुपयांचा फरक पडतो आणि तो आयुष्यभर पडत राहतो.

नोकरीत राहिलेल्यांसाठी एक सावधगिरी. अपंगत्वाच्या बदल्यात एकरकमी भरपाई घेण्याचा पर्याय दिला जातो. ती रक्कम घेतली की त्या जखमेबद्दलचा मासिक भाग पुढे मिळत नाही. घराचं बांधकाम किंवा बहिणीचं लग्न समोर असलं की एकरकमी आकडा मोठा वाटतो. सही करण्याआधी वयाच्या सत्तरीपर्यंत दरमहा किती मिळालं असतं याचा हिशेब कागदावर मांडा.

युनिट सोडण्याआधी हातात काय हवं

हा टप्पा बहुतेकांच्या हातून निसटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

जखम झाली की युनिटमध्ये इंजुरी रिपोर्ट भरला जातो. त्याचा फॉर्म आयएएफवाय २००६. त्यात दुखापत कशी झाली, जवान तेव्हा ड्युटीवर होता की नाही आणि जखम किती गंभीर आहे, हे कमांडिंग ऑफिसरच्या मतासह लिहिलेलं असतं. गंभीर प्रकरणात कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, होते. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेतल्या नोंदींच्या अधिकृत आदेशात, जखमेची नोंद पडते. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतली जखम) लिहिलंय की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (इतर दुखापत), हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चकमकीतली जखम फिजिकल म्हणून नोंदली गेली असेल तर युनिटमध्ये असतानाच लेखी अर्ज द्या. प्रत्यक्ष पाहणारे साथीदार, तेव्हाचे कंपनी कमांडर, पहिली मलमपट्टी करणारा नर्सिंग असिस्टंट ही माणसं तोपर्यंत जवळच असतात. दहा वर्षांनी ती देशभर पांगलेली असतात.

या कागदांच्या प्रती घ्या: इंजुरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीचं मत, पार्ट टू ऑर्डर, प्रत्येक मिलिटरी हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, मेडिकल कॅटेगरी खाली आणल्याची कागदपत्रं आणि शेवटच्या मेडिकल बोर्डाची कार्यवाही. डिस्चार्ज बुकही नीट वाचा. नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव यात एका अक्षराची चूक असली तरी पुढे तीच डोकेदुखी होते.

घरी आल्यावर लक्षात आलं की काहीच हातात नाही, तर वाट बंद झालेली नसते. रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे सेवेचे कागद ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या कार्यालयाला, अर्ज करून प्रती मागता येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला आहे. अर्जात आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट आणि जखमेची तारीख लिहा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून मागा. त्यावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पोच त्याच अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

मेडिकल बोर्डाचा कागद कसा वाचायचा

मुदतीआधी नोकरी संपत असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड बसतो, मुदत भरून निघत असाल तर रिलीज बोर्ड. त्याची कार्यवाही बरीच पानं असते आणि बहुतेक जवान शेवटच्या पानावरचे टक्के पाहून सही करतात. त्याआधीच्या एका तक्त्याकडे बोट ठेवून बघा. डाव्या बाजूला आजाराचं किंवा जखमेचं नाव. पुढे तीन रकाने: सेवेमुळे उद्भवलं का, सेवेमुळे बळावलं का, सेवेशी संबंध नाही का. प्रत्येकात हो किंवा नाही. आणि सर्वांत उजवीकडे कारणाचा रकाना. तिथे ‘अमुक तारखेचा इंजुरी रिपोर्ट’ असा थेट संदर्भ असेल तर तुमचा दावा भक्कम आहे. तिथे नुसतं ‘सेवेशी संबंध नाही’ असं लिहून विषय संपवला असेल तर पुढच्या अपिलाचा पाया तुम्हाला तिथेच सापडला, कारण निर्णय दिला आहे पण त्याचं कारण दिलेलं नाही.

त्याच कार्यवाहीत टक्के दोनदा येतात. एकदा सगळ्या तक्रारी मिळून किती, आणि एकदा पेन्शनसाठी त्यातले किती धरायचे. पहिला आकडा साठ आणि दुसरा शून्य असंही घडतं. पेन्शन ठरते दुसऱ्या आकड्यावर. मुदतीचाही रकाना असतो. तिथे ‘आयुष्यभरासाठी’ असं आहे का ते पाहा. शस्त्रक्रियेला किंवा उपचाराला जवानाने नकार दिला का, असा प्रश्नही असतो. नकार दिला नसेल तर चुकीचं उत्तर तिथे पडलेलं नाही याची खात्री करा, कारण त्यावरून टक्के कमी होऊ शकतात.

बोर्डासमोर लाजू नका. आपल्याकडे दुखणं सांगणं कमीपणाचं मानतात, आणि फौजेत तर जास्तच. रात्री झोप लागत नाही, स्फोटानंतर एका कानाने ऐकू येत नाही, हात थरथरतो, हे सगळं डॉक्टरांना सांगा. कागदावर न आलेलं दुखणं पेन्शनच्या हिशेबात नसतंच.

मंजुरी, पीपीओ आणि स्पर्श

बोर्डानंतर प्रकरण रेकॉर्ड ऑफिसकडे जातं. पायदळाच्या जवानांपासून सगळ्या लष्करी पेन्शनचा मंजुरी आदेश, म्हणजे पीपीओ, प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडून निघतो. आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून थेट खात्यात येते. लॉगिन स्वतःकडे ठेवा. पासवर्ड गावातल्या नेट कॅफेवाल्याच्या वहीत लिहून ठेवू नका. जमत नसेल तर आपले सरकार केंद्रापेक्षा स्पर्श सेवा केंद्रावर किंवा सैनिक कल्याण कार्यालयात बसून करून घेणं बरं.

पीपीओ आला की तीन गोष्टी तपासा. सर्व्हिस एलिमेंट आणि अपंगत्वाचा भाग वेगवेगळे दाखवले आहेत का? अपंगत्वाचे टक्के पूर्णांकित केलेत का? पन्नासपेक्षा कमी असतील तर पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असतील तर पंचाहत्तर, शहात्तरपासून पुढे शंभर धरतात. आणि शंभर टक्के अपंगत्व असून रोजच्या कामाला दुसऱ्याचा आधार लागत असेल तर कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स दिला आहे का? १ जुलै २०१७ पासून तो महिना ६,७५० रुपये होता आणि नंतर महागाईनुसार वाढत गेला. या भत्त्यासाठी बोर्डाची शिफारस लागते. जो माणूस पाठीच्या कण्याला गोळी लागून अंथरुणावर आहे, त्याच्या कागदात ही शिफारस राहून गेली असेल तर लगेच अर्ज करा.

मुदत भरून निवृत्त झालेल्यांना टक्के पूर्णांकित करून मिळत नव्हते. सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात त्यांनाही तो लाभ द्यावा असा निकाल दिला. जुन्या पीपीओत अजून मूळ टक्केच असतील तर या निकालाचा दाखला देऊन अर्ज करायला हरकत नाही. वन रँक वन पेन्शनची (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) फेररचना १ जुलै २०१४, २०१९ आणि २०२४ ला झाली, तेव्हा त्या तारखांना तुमचा आकडा बदलला का हेही बघा.

२१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या पात्रतेचे नवे नियम लागू आहेत. त्याआधी नोकरी सोडलेल्यांची प्रकरणं जुन्या नियमांनी चालतात. कुणी तुम्हाला नव्या नियमांवर बोट ठेवून परत पाठवत असेल तर आधी स्वतःच्या डिस्चार्जची तारीख दाखवा.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो. जीवन प्रमाण या ऑनलाइन सोयीने तो घरूनही देता येतो. चुकला तर पेन्शन थांबते.

नकार आला तर

नकाराचं पत्र साधारण तीन-चार ओळींचं असतं. अपंगत्व सेवेमुळे झालेलं नाही आणि बळावलेलंही नाही, सबब दावा नामंजूर, आणि सहा महिन्यांत अपील करू शकता. ते वाचून अनेक जण पत्र घडी करून ठेवून देतात. सरकारने नाही म्हटलं म्हणजे विषय संपला, असं त्यांना वाटतं. नाही म्हणणाऱ्या त्या पत्रावर अपील करणं हा तुमचा हक्क आहे आणि अशा कित्येक पत्रांचे निकाल पुढे फिरले आहेत.

पहिलं अपील पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत, फर्स्ट अपील समितीकडे. तिथेही नाही झालं तर दुसरं अपील. अपिलात भावनेपेक्षा तारखा लिहा: अमुक तारखेला भरती झालो, तेव्हा वैद्यकीय तपासणीत तंदुरुस्त ठरलो, अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमुक कारवाईत जखमी झालो, अमुक हॉस्पिटलात दाखल झालो. प्रत्येक वाक्यापुढे पुराव्याचा पान क्रमांक. दोन-तीन पानं पुरेत.

आजारासाठी सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल फार मोलाचा आहे. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असं धरायचं. नंतर झालेल्या आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. शंकेचा फायदा जवानाला. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात कोर्टाने म्हटलं की अपंगत्वामुळे बोर्डआउट केलं असेल तर ते वीस टक्क्यांपेक्षा जास्त आहे असंच मानलं पाहिजे. म्हणून ‘एकोणीस टक्के आहे, पेन्शन बसत नाही’ असं पत्र मिळालेल्या बोर्डआउट जवानाने हार मानू नये. आणि रजेवर घरी जाताना रेल्वेत झालेल्या अपघातात हात गमावलेल्या जवानाला सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच, मदनसिंग शेखावत प्रकरणात, ड्युटीवर मानलं आहे.

अपिलांनी काम झालं नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं आणि महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो, पण उशिराचं कारण पटलं तर तो माफ होतो. अपील करून सहा महिने उलटले आणि उत्तरच नाही, तरी न्यायाधिकरणात जाता येतं. जुन्या जवानांनी हे खास लक्षात घ्यावं: पेन्शन न मिळणं ही दर महिन्याला पुन्हा घडणारी चूक मानतात, म्हणून तीस वर्षांनीही दावा करता येतो. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे तुम्ही जितका उशीर कराल तितकी वर्षं हातची जातात.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या बाराव्या कलमाने दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या वीर परिवार सहाय्यता योजनेत सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सेवा केंद्रं सुरू करण्यात आली आहेत. ‘थकबाकीतले निम्मे द्या, करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा.

राज्य सरकारकडून काय

पेन्शन केंद्राची, पण मदतीचा एक मोठा भाग राज्याकडून येतो. त्याचं दार म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आहे. घरी आल्यावर पहिल्या काही दिवसांत तिथे नाव नोंदवा आणि माजी सैनिक ओळखपत्र काढा. हे ओळखपत्र नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या, युद्धात किंवा मोहिमेत कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांना राज्य सरकार सानुग्रह अनुदान देतं. त्याचे अपंगत्वाच्या टक्क्यांनुसार तीन टप्पे आहेत: १ ते २५, २६ ते ५० आणि ५१ ते १००. सध्याचा शासन निर्णय कार्यालयात मागून घ्या आणि त्यातला आकडा स्वतः वाचा. इथे पुन्हा तोच मुद्दा: जखम मोहिमेतली आहे हे दाखवणारा कागद नसेल तर हे अनुदान अडतं. गावात घर असेल तर बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेतून घरपट्टी माफ होते, अर्ज ग्रामपंचायतीत.

एक गोंधळ नेहमी होतो. लष्करी बोर्डाचे टक्के पेन्शनसाठी असतात. बस, रेल्वे, आरक्षण, नागरी योजना यांसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं, आणि ते जिल्हा रुग्णालयातून मिळतं. तिथे बहुतेक ठिकाणी चाळीस टक्क्यांची अट असते. दोन्ही ठिकाणी टक्के वेगळे येऊ शकतात. त्यात काही गैर नाही; मोजण्याची पद्धत वेगळी आहे. दोन्ही काढा.

आणि पैशांपलीकडचं, जे आपल्या अगदी जवळ आहे: पुण्यातलं १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र, कमरेखालचं अंग लुळं पडलेल्यांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र, तिथेच अपंग जवानांना कामधंद्याचं शिक्षण देणारी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पाय गमावलेला पंचविशीतला मुलगा घरात बसून राहतो तेव्हा त्याचं मन आधी खचतं. त्याला एकदा तिथे घेऊन जा. उपचारांसाठी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढायचं विसरू नका. दिव्यांग मूल असेल तर त्याचंही नाव त्यात घाला.

पत्नीने आजच पाहायच्या गोष्टी

जवान गेल्यावर अपंगत्वाचा भाग बंद होतो आणि पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं. तेव्हा धावपळ व्हायला नको म्हणून तो हयात असतानाच पीपीओवर तुमचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा. माहेरचं नाव डिस्चार्ज बुकात आणि सासरचं आधारवर, हे आपल्याकडे घरोघरी असतं. लग्नाचा दाखला, तो नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडून रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी लागते. बँकेत संयुक्त खातं उघडा. अविवाहित जवानाच्या आईवडिलांनीही वारसनोंद तपासावी. मूळ कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये, एक झेरॉक्स संच दुसऱ्या घरी आणि फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आर्मी नंबर आणि पीपीओ नंबर घरातल्या कर्त्या मुलाला पाठ असू द्या. कुठल्याही खिडकीवर पहिला प्रश्न त्याचाच येतो.